सरळ नळीचा गट

मालन गेली हे मला दवाखान्याच्या जिन्यात कळलं. मी खालून चहा घेऊन वर चाललो होतो आणि डॉ. रेणुका हिरेमठ वरून खाली येत होत्या. मला बघून त्या मधल्या पायरीवर थांबल्या.

"काका, जरा थांबा."

"शुद्धीवर आली का?"

"नाही काका. गेल्या त्या. आत्ताच."

"कुठे?" मी विचारलं.

त्या एक पायरी खाली आल्या. मग त्यांनी पुन्हा सांगितलं आणि या वेळी 'वारल्या' असा शब्द वापरला. तेव्हा मला समजलं. मी बरं म्हणालो. त्या म्हणाल्या, मला तुमच्याशी बोलायचं आहे, पण आज नाही. मी त्यालाही बरं म्हणालो.

चहा माझ्या मेव्हण्यासाठी होता. हणमंत, मालनचा धाकटा भाऊ, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसला होता. आधी तो चहा पिऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं. त्याचा अर्धा पिऊन झाला आणि मला वाटलं की आता पुरे, आता सांगायला हवं.

माझी वैरागला पिठाची गिरणी आहे. मालन आणि मी दोघंच. आम्हाला मूल झालं नाही. गिरणीत मी चक्की बघायचो आणि ती गिऱ्हाईक बघायची. चक्कीचा आवाज एवढा की माणसाला ओरडून बोलावं लागतं, पण मालनचं बोलणं त्या आवाजातही सगळ्यांना ऐकू जायचं. तिचे डोळे पिवळे झालेत हे मला दिसलं नव्हतं. पिठाच्या धुरळ्यात मला सगळंच पिवळट दिसतं. दळण घ्यायला आलेल्या एका बाईने सांगितलं.

आधी आम्ही काविळीची माळ घातली. आमच्याकडे एकजण काड्यांची माळ देतो. ती डोक्यावर ठेवायची, मग ती वाढत वाढत गळ्यात आणि पुढे पोटापर्यंत येते, आणि तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ वाढली. मालन म्हणाली, "माळ तर कमरेला आली. कावीळ अजून डोक्यातच आहे. तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही." मग पोटात कळा सुरू झाल्या आणि आम्ही सोलापूरला गेलो.

सोलापुरात एका ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला दाखल केलं. पित्ताशयातले खडे घसरून पित्ताच्या नळीत अडकले होते. तिथे मोठे डॉक्टर होते बोरामणीकर, सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांच्या हाताखाली रेणुका हिरेमठ शिकत होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या.

त्या एका सकाळी स्टूल ओढून मालनच्या खाटेजवळ बसल्या.

"मावशी, खडे काढायचे आहेत. पोट फाडायचं नाही. तोंडातून दुर्बीण घालायची, ती जठर ओलांडून आतड्याच्या पहिल्या वळणावर थांबवायची. तिथं आतड्याच्या भिंतीवर एक बोंड असतं, साधारण डाळीच्या दाण्याएवढं. पित्त तिथून बाहेर पडतं. त्या बोंडाच्या तोंडातून एक नळी वर सरकवायची."

"आणि खडे ओढायचे."

"हो. पण त्या एकाच तोंडातून आत दोन वाटा फुटतात. एक पित्ताची, एक स्वादुपिंडाची. आपल्याला पित्ताच्या वाटेनं जायचं आहे. चुकून दुसरीत सारखं सारखं टोचलं गेलं, तर स्वादुपिंड सुजतं. बहुतेकांची सूज चार दिवसांत उतरते. एखाद्याची उतरत नाही. मग जिवावर बेतू शकतं. हे मी सगळ्यांना आधी सांगते."

मालन म्हणाली, "बरं केलं. पुढं?"

डॉक्टरांनी ॲप्रनच्या खिशातून दोन नळ्या काढल्या. दोन्ही हातभरापेक्षा लांब, गुंडाळलेल्या, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा बारीक. एक अगदी साधी, सरळ. दुसरीच्या टोकाला बाहेरून एक तार ताणलेली होती आणि मागे मूठ होती. त्यांनी मूठ दाबली तशी तार ओढली गेली आणि टोक धनुष्यासारखं वर वाकलं. मालनने दोन्ही हातात घेऊन बघितल्या.

"सर वर्षानुवर्षं या सरळ नळीनं जातात. हात बसलाय त्यांचा. काही डॉक्टर म्हणतात, पित्ताची वाट वरच्या अंगाला जाते, म्हणून वाकणारी नळी बरी, ती पहिल्या फटक्यात जाते आणि दुसरीकडं टोचत नाही. दुसरे म्हणतात, तसं काही नाही, वाकवण्याच्या नादात टोक रुतून बसतं. जो तो आपल्या हाताचं सांगतो. म्हणून आम्ही इथं मोजायचं ठरवलंय. निम्म्या पेशंटना एक, निम्म्यांना दुसरी. कुणाला कुठली, ते आम्ही ठरवायचं नाही. बंद पाकिटात चिठ्ठी असते, ती ऐन वेळी फोडायची. पहिली नळी ठरलेल्या वेळात गेली नाही, तर लगेच दुसरी वापरायची. तुम्हाला यात यायचं नसेल तर काही अडत नाही. सर त्यांच्या पद्धतीनं करतील."

"म्हणजे चिठ्ठी टाकून."

"हो मावशी."

मालन माझ्याकडे बघून हसली. "आमचं लग्नसुद्धा चिठ्ठी टाकूनच झालंय. दोन स्थळं आली होती. थोरले चुलते म्हणाले देवापुढं चिठ्ठ्या टाकू. दुसरा बार्शीला कंडक्टर होता. दिसायला चांगला होता."

"मग?" डॉक्टर म्हणाल्या.

"मग हे निघाले. गुरवाच्या पोरीनं चिठ्ठी उचलली. मी तिच्याशी वर्षभर बोलले नाही."

डॉक्टरही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "काका, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, पोट तिचं आहे. मालनने सही केली. तिला सही करायला वेळ लागायचा, आडनाव लांब आहे आमचं. डोईफोडे. तिने पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. पाकीट फोडलं, त्यात सरळ नळी निघाली. मी बाहेर होतो. वेळ लागला. मग रेणुका हिरेमठ बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. त्या म्हणाल्या, "सरळ नळी गेली नाही. दोन-तीनदा दुसऱ्या वाटेला लागली. ठरलं होतं तसं मग वाकणारी घेतली, तिनं गेलो. खडे निघाले काका."

मालन बाहेर आली तेव्हा घसा बसला होता, तरी म्हणाली, "कुठली निघाली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "साधीच निघायची. माझ्या चिठ्ठीत भारी काही निघतच नाही."

संध्याकाळी पोटात दुखायला लागलं. आधी थोडं, मग पाठीपर्यंत. स्वादुपिंडाला सूज आली होती. तिची उतरली नाही. लघवी बंद झाली, मग श्वास लागला, मग मशीन लावलं. बाकीचं मी आधी सांगितलंच आहे.

दहाव्यानंतर मी गिरणी उघडली. लोक दळण घेऊन येत होते आणि माझ्याशी मोठ्याने बोलत नव्हते, त्यामुळे मला काही ऐकू येत नव्हतं. मी नुसता डबा घ्यायचो आणि ओतायचो. गहू का ज्वारी, तेही न विचारता. एकीचे गहू मी ज्वारीवर दळले. ती काही बोलली नाही. तसंच घेऊन गेली.

हणमंत आला तो मोटरसायकल बंद न करताच बोलायला लागला. मी चक्की बंद केली. त्यानेही मोटरसायकल बंद केली.

"दाजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?"

"अक्कावर प्रयोग केला त्यांनी. चिठ्ठी टाकून. मला तिथल्याच एका पेशंटच्या भावानं सांगितलं, चहाच्या टपरीवर. कुठली नळी घालायची ते चिठ्ठीवर. माणूस आहे का बेडूक आहे?"

"ठाऊक होतं. मी तिथं होतो."

"आणि तुम्ही हो म्हणलात?"

"ती हो म्हणाली."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. तिनं दोन्ही नळ्या हातात धरून बघितल्या होत्या. तू बघितल्यास?"

तो ओट्यावर बसला. हणमंत ग्रामपंचायतीचा सदस्य होता. त्याला बोलायची सवय होती, ऐकायची कमी. त्या दिवशी त्याने ओट्यावर सांडलेलं पीठ आधी बोटाने एका जागी ओढलं. मग म्हणाला, "तिचं नाव त्यांच्या प्रयोगातून काढायला लावायचं. आपल्या माणसावर त्यांनी कागद काळे करायचे नाहीत. एवढं तरी करा दाजी."

मी बरं म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

हॉस्पिटलचा फोन आला म्हणून आम्ही दोघं सोलापूरला गेलो. सरांच्या खोलीत बसवलं. रेणुका हिरेमठ कपाटाला टेकून उभ्या होत्या. सर साठीचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी स्वतः उठून मला पाणी दिलं. ते म्हणाले, "डोईफोडे, मला फार वाईट वाटतं. माझ्या हातून अशी सूज क्वचित येते. आली तरी असं होत नाही." ते खरं बोलत होते असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

मग ते कामाचं बोलले.

"या अभ्यासावर देखरेख करणारी एक समिती असते. मृत्यू झाल्याचं आम्ही त्यांना कळवलंच आहे. ते लपवायचा प्रश्न नाही. प्रश्न एवढाच, की तुमच्या पत्नीला मोजणीत धरायचं का नाही. त्यांना दोन्ही नळ्या वापराव्या लागल्या. म्हणजे त्या धड इकडच्या नाहीत, धड तिकडच्या नाहीत. आणि घरच्यांचीच इच्छा नसेल तर आम्ही त्यांना बाजूला काढू. समिती तुम्हाला विचारेल."

हणमंत म्हणाला, "काढा. आम्ही तेच सांगायला आलोय."

सरांनी मान हलवली. हणमंत भांडायच्या तयारीने आला होता आणि सर समजूत घालायच्या तयारीने बसले होते. दोघांना एकच गोष्ट हवी निघाली. आता कोण काय बोलणार. हणमंताने खुर्चीतल्या खुर्चीत जागा बदलली.

मी रेणुका हिरेमठांकडे बघितलं. जिन्यात त्या म्हणाल्या होत्या, मला बोलायचं आहे.

"तुम्हाला काय सांगायचं होतं?" मी विचारलं.

त्यांनी आधी सरांकडे बघितलं. "सर, मी बोलू का?"

"बोल. तू बोलल्याशिवाय राहणार आहेस का?"

"मावशींना मोजणीत ठेवायला हवं. सरळ नळीच्या गटात."

सर म्हणाले, "आणि ठेवलं तर समिती काय करील तेही सांग त्यांना."

"अभ्यास थांबवतील. थांबवू शकतील."

"थांबवतीलच. एका गटात मृत्यू, दुसऱ्यात नाही. कोण पुढं जाऊ देईल? तुझं इतक्या दिवसांचं काम. ते पूर्ण झाल्याशिवाय तुझा प्रबंध होत नाही. हेही सांग."

त्या म्हणाल्या, "ते त्यांचं काम नाही सर."

हणमंत उठला. "चला दाजी. काढायला सांगा आणि चला."

मी त्याला म्हणालो, तू बाहेर थांब. मी समितीपुढे काय ते सांगीन, असं सरांना सांगितलं आणि रेणुका हिरेमठांना विचारलं, मला जरा समजावून सांगता का. आम्ही खाली कँटीनमध्ये बसलो. त्यांनी पोहे मागवले. मी खाल्ले. पोह्यांत मीठ नव्हतं, किंवा मला लागलं नाही.

"आत शिरली वाकणारी," मी म्हणालो. "मग सरळच्या गटात कशी?"

"चिठ्ठीत सरळ होती म्हणून."

"पण सरळ गेली नाही."

"म्हणूनच काका. समजा, सरळ नळीनं ज्यांचं अवघड गेलं, त्या सगळ्यांना आम्ही उचलून दुसऱ्या गटात टाकलं, नाहीतर काढूनच टाकलं. मग सरळच्या गटात कोण उरलं? जिथं ती पटकन गेली तेवढेच. मग सरळ नळी नेहमीच चांगली दिसणार. तिनं कुणाला दुखवलंच नाही असं दिसणार. चिठ्ठीत जे निघालं तिथंच माणूस राहतो, पुढं त्याचं काहीही होवो. हा नियम आम्ही सुरुवातीलाच केला होता. मावशी गेल्या म्हणून आता बदलायचा, हे मला जमत नाही."

"म्हणजे तिला सरळ नळीनं मारलं असं तुम्ही लिहिणार."

"नाही. एका माणसावरून तसं म्हणता येत नाही. दुसरी नळी आधी घेतली असती तर वाचल्या असत्या का, हे मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही. खूप माणसं मोजली तर थोडं कळेल."

"आणि ठेवलं तर मोजणं थांबेल."

"बहुतेक."

"आणि काढलं तर चालू राहील."

"हो. पण खोटं चालू राहील."

मी विचारलं, तुम्ही कुठल्या गावच्या. त्या म्हणाल्या, अक्कलकोट तालुक्यातल्या. वडील पोस्टात होते. मी बरं म्हणालो.

परतीच्या एसटीत हणमंत खिडकीला बसला. सोलापूर मागे पडल्यावर तो म्हणाला, "काय म्हणाली डॉक्टरीण? गोड बोलून गुंडाळलं ना तुम्हाला?"

"हणमंता, माझ्याकडं दोन चक्क्या आहेत."

"ते मला माहीत आहे."

"समज, एक अडून बसते आणि दळण तापवते. तापलेलं, अर्धवट दळण मी काढतो आणि दुसऱ्या चक्कीत ओततो. पीठ करपट निघतं. बाई भांडायला येते. कुठल्या चक्कीनं करपवलं?"

"पहिल्या."

"पण पीठ पडलं दुसरीतून. मी दुसरीचा दगड उतरवला, त्याला टाकी लावून नवे दात पाडले, तर?"

"तर तुम्ही येडे."

"आणि ते दळण आलंच नव्हतं असं म्हणलं तर?"

तो बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी, अक्का दळण नाही."

मी तिकिटाची घडी घालून खिशात ठेवली. 

समितीच्या दिवशी तो पुन्हा बरोबर आला. मी बोलावलं नव्हतं. म्हणाला, तुम्ही काय बोलता ते मला ऐकायचंय.

लांबट टेबल होतं. त्याभोवती डॉक्टर, एक वकील, आणि शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका निंबर्गीबाई. समितीत एक साधं माणूस लागतं म्हणे, डॉक्टर नसलेलं. सर आणि रेणुका हिरेमठ एका बाजूला बसले होते. वकिलांनी विचारलं, "तुमच्यावर कुणी दबाव आणला का?" मी नाही म्हणालो. "तुमची इच्छा काय आहे?"

"तिला मोजा," मी म्हणालो. "ज्या गटात निघाली त्या गटात."

हणमंत माझ्या मागे बसला होता. त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

निंबर्गीबाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला यातलं सगळं समजलंय ना? तुमच्या पत्नीला मोजलं की हा अभ्यास कदाचित इथंच थांबेल. त्यातून कुणाला काही मिळणार नाही. तरी का ठेवायचं?"

मी तयारी करून काही आलो नव्हतो. मी त्यांना त्या सकाळचं सांगितलं.

मालनला आत न्यायच्या आधी नर्सने अंगावरचं सगळं काढायला सांगितलं होतं. बांगड्या निघत नव्हत्या, साबण लावून काढल्या. ती खाटेवर बसून हाताचा साबण पुसत होती आणि मी तिला विचारलं, चिठ्ठीला हो का म्हणालीस. भीती वाटत असली तर अजून नाही म्हणता येतं, सर त्यांच्या हाताने करतील.

ती म्हणाली, "तुम्हाला सोजरचं सांगितलंय का मी?"

सोजर म्हणजे तिची थोरली बहीण. ती लग्नानंतर लवकर वारली एवढंच मला माहीत होतं. घरात तिचा फोटोही नव्हता. मालन म्हणाली, सोजर बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा थंडावल्या म्हणून गावातल्या डॉक्टराला बोलावलं. त्याने कळा जोरात याव्यात म्हणून इंजेक्शन दिलं. कळा आल्या त्या थांबेचनात. आतल्या आत पिशवी फाटली. मालन तेव्हा नऊवारी नेसायला लागली नव्हती, दाराशी उभी होती. तो डॉक्टर म्हणाला, बाईच अशक्त होती. सगळ्यांना ते पटलं. पुढे त्याच गावात त्याच इंजेक्शनाने कुंभाराची सून गेली. तीही अशक्त निघाली. मग आणखी एक. प्रत्येक घराने आपापलं झाकलं. घरातली पोर बाळंतपणात मेली, हे कोण सांगत बसणार.

मालन म्हणाली, "तिघींची नावं एका जागी कुणी घेतली असती, तर तिसरी तरी वाचली असती. ही डॉक्टरीण एका जागी घेतीय. मी तिला काल विचारलं, बिघडलं तर तेही मोजता का, का चांगलं तेवढंच? ती म्हणाली, बिघडलेलं आधी मोजतो. म्हणून हो म्हणाले. दुसरं काही नाही. आता जा, माझी चोळी नीट घडी घालून ठेवा."

एवढंच मी समितीपुढे सांगितलं. चोळीचंही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. वकिलांनी पेन खाली ठेवलं होतं. सर टेबलाकडे बघत होते. रेणुका हिरेमठ उठून बाहेर गेल्या आणि जरा वेळाने तोंड धुऊन परत आल्या.

निंबर्गीबाई म्हणाल्या, "ठीक आहे भाऊ. आमच्याकडून तुम्हाला कळवू."

 स्टँडवर आम्ही बार्शीच्या गाडीची वाट बघत उभे होतो. तो म्हणाला, "मला सोजरअक्काला ताप आला म्हणून सांगितलं होतं."

"मलाही तिला आत नेलं त्याच दिवशी कळलं."

"आई शेवटपर्यंत तापच म्हणायची."

"हं."

"मी तेव्हा दोन वर्षांचा होतो दाजी. मला तिचं तोंडसुद्धा आठवत नाही." गाडी लागली. त्याने माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली आणि स्वतः उभा राहिला. पुन्हा त्याने काढा असं म्हटलं नाही. ठेवलं ते बरं केलं, असंही म्हटलं नाही.

काही दिवसांनी रेणुका हिरेमठांचा फोन आला. मी चक्की बंद करून बोललो. समितीने मालनला सरळ नळीच्या गटात ठेवलं होतं. आणि मोजणी थांबवली होती. बाहेरचा कोणी जाणकार सगळं तपासून सांगेपर्यंत नवीन चिठ्ठी फोडायची नाही, असं ठरलं होतं.

"तुमच्या प्रबंधाचं?" मी विचारलं.

"दुसरा विषय घेतलाय काका. सोपा आहे. होऊन जाईल."

"मग मी काय मिळवलं?"

त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण तुम्ही काढा म्हणाला असता, तर मी पुढची चिठ्ठी फोडू शकले नसते."

मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर चक्की सुरू केली. त्या दिवशी मी प्रत्येकीला विचारून दळलं, गहू का ज्वारी.

याला आता बरीच वर्षं झाली. तपासायला नेमलेले जाणकार एकदा येऊन गेले, मग त्यांची बदली झाली आणि दुसरे कोणी नेमले नाहीत. सर निवृत्त झाले. रेणुका हिरेमठ हुबळीला गेल्या. तिथे त्यांचं स्वतःचं काम आहे. दरवर्षी मालनच्या श्राद्धाच्या सुमारास त्यांचा फोन येतो. मी विचारतो, सुरू झालं का. त्या नाही म्हणतात. मग हवापाण्याचं बोलतो.

मागच्या वर्षी हणमंताच्या पित्ताच्या नळीत खडे निघाले. मी त्याला त्याच हॉस्पिटलात घेऊन गेलो. दुसरीकडे जाऊ असं तोही म्हणाला नाही. तिथे आता नवीन डॉक्टर आहेत, हसतमुख आहेत. ते म्हणाले, वाकणाऱ्या नळीनं करू, आता आम्ही सगळ्यांना तीच वापरतो, तीच चांगली. हणमंत खाटेवरून म्हणाला, "कशावरून?"

डॉक्टर म्हणाले, "अहो, आता सगळीकडं तीच वापरतात."

"मोजलंय का तुम्ही? इथं?"

ते माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं पेशंट घाबरला आहे. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काळजी करू नका म्हणाले. हणमंताचे खडे निघाले. पोट दुखलं नाही. तो तिसऱ्या दिवशी घरी आला.

बाहेर कुठे कोणी मोजून ठरवलं असेल. इथलं मोजणं अर्ध्यावर थांबलेलं आहे. सरळ नळीच्या गटात मालन आहे. दोन्ही गटांतली माणसं पुरी झालेली नाहीत, म्हणून बेरीज अजून कोणी केलेली नाही.